वेंगुर्ल्याची डच वखार : भिंती चिऱ्यांच्या, इतिहास कागदांचा

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाडीतल्या मंडळाने मुलांची सहल काढली. मोठी माणसे आणि मुले मिळून चाळीसेक जण होतो. एसटीची एक गाडी ठरवली, भाकरी-चटणीचे डबे बांधले आणि पहाटे रत्नागिरी सोडली. ठिकाण ठरले होते वेंगुर्ले. मुलांना समुद्र पाहायचा होता, बायकांना बाजारातून काजू घ्यायचे होते आणि मला एक जुनी पडकी इमारत पाहायची होती. तिचे नाव 'डच वखार'.

गाडीत मी हे नाव काढले, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारले, "काका, वखार म्हणजे लाकडाची ना?" सगळे हसले, पण त्याचे काय चुकले? आपल्या माणसांना वखार म्हटले की फाळके, वासे आणि करवतीचा भुसाच आठवतो. आपल्यातल्या कितीतरी जणांनी लाकडाच्या वखारीत हमाली केली आहे. मी त्याला सांगितले, "बाळा, परदेशी व्यापारी माल उतरवून ठेवायला, राहायला आणि हिशेब लिहायला जी पक्की इमारत बांधत, तिलाही वखारच म्हणत. सुरतेला, राजापूरला इंग्रजांची वखार होती. वेंगुर्ल्याला डचांची होती."

डच म्हणजे हॉलंडचे, म्हणजेच आजच्या नेदरलँड्सचे लोक. रत्नागिरी जिल्ह्याच्या कितीएक पट दूर असलेला हा चिमुकला देश आपल्या कोकणात कशाला आला? आपल्या वाडवडिलांशी त्याचा काय संबंध? हे जाणून घेणे मौजेचे तर आहेच, पण विचार करायला लावणारेही आहे. वेंगुर्ले आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले, तरी १ मे १९८१ पर्यंत ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होते. म्हणजे ही आपल्याच जुन्या घरातली गोष्ट.

मोलकरणीचाही वाटा असलेली कंपनी

सन १६०२ मध्ये हॉलंडातल्या सहा शहरांच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एक कंपनी काढली. अॅमस्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, हूर्न आणि एनखाउझेन ही ती सहा शहरे. आपण तिला डच ईस्ट इंडिया कंपनी म्हणतो. या कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, कोणालाही घेता येत होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पुस्तकात शेअर बाजाराचा उगम शिकलो तो याच कंपनीपाशी.

भाग घेण्याची वही अॅमस्टरडॅमच्या एका संचालकाच्या घरात ठेवली होती. त्या वहीत अकराशेहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. त्यात मोठमोठे सावकार होते आणि त्याच घरात काम करणारी एक मोलकरीणही होती. नील्टखेन कॉर्नेलिस हे तिचे नाव. तिने आपल्या साठवलेल्या पैशातून शंभर गिल्डर घातले. चारशे वर्षांपूर्वीच्या एका मोलकरणीचे नाव आज आपल्याला कळते, ते केवळ ते वहीत लिहिले गेले म्हणून. वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

या कंपनीला हवे होते मसाले : जायफळ, लवंग, दालचिनी, मिरी. त्यासाठी तिने जावा बेटावर बटाव्हिया हे ठाणे वसवले. आजचे जकार्ता ते हेच. तिच्या वाटेतला मोठा काटा होते पोर्तुगीज. पोर्तुगीजांची पूर्वेकडची राजधानी आपल्या शेजारीच, गोव्यात होती. गोव्याचे तोंड बांधून धरायचे, आतली जहाजे बाहेर आणि बाहेरची आत येऊ द्यायची नाहीत, असा डावपेच डचांनी आखला. पण समुद्रात महिनोन्महिने नांगर टाकून बसलेल्या आरमाराला खायला काय घालणार? प्यायचे पाणी कुठून आणणार?

याचे उत्तर होते वेंगुर्ले.

गोडे पाणी आणि तांदूळ

त्या काळी हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. पोर्तुगीजांशी आदिलशहाचेही फारसे सख्य नव्हते. १६३७ मध्ये त्याच्या परवानगीने डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. गोव्याच्या उत्तरेला, अगदी जवळ, निवाऱ्याचे बंदर आणि पाठीशी भाताची शेते. डचांना आणखी काय हवे होते?

१६४८ मध्ये ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या इथे आला होता. गावाचे नाव तो 'मिंग्रेला' असे लिहितो. समुद्रकाठाने लांबवर पसरलेले मोठे गाव, हिंदुस्थानातल्या उत्तम बंदरांपैकी एक, गोड पाणी आणि चांगला तांदूळ, असे त्याने वर्णन केले आहे. इथली वेलचीही नावाजलेली होती. गोव्याची कोंडी करायला येणारी डच जहाजे दरवेळी इथेच रसद भरतात, असेही त्याने नोंदवले आहे.

म्हणजे वेंगुर्ल्याची खरी दौलत सोने-नाणे नव्हती. विहिरीचे पाणी आणि शेतातला भात हीच ती दौलत. ते पाणी कोणी शेंदले? भात कोणी लावला, कोणी झोडला, कोणी सडला? पोती पाठीवर घेऊन होडीपर्यंत कोणी नेली? ताव्हेर्निए ते सांगत नाही. सांगायची त्याला गरजही वाटली नसावी.

या रसदीच्या जोरावर डचांनी पोर्तुगीजांना गोव्यात जखडून ठेवले आणि तिकडे श्रीलंकेत त्यांचे एकेक ठाणे घेतले. १६५६ मध्ये कोलंबो पडले, १६५८ मध्ये जाफना. १६६३ मध्ये केरळातले कोचीनही डचांच्या हाती आले. वेंगुर्ल्याच्या विहिरींचे पाणी असे इतिहासाच्या फार लांबच्या पाटात जाऊन मिळाले.

चिऱ्याची भिंत

आम्ही वखारीपाशी पोचलो, तेव्हा ऊन चढले होते. इमारत शहरातच आहे, चालत जाता येते. जाड जाड भिंती, कमानी, बुरुजासारखे कोपरे. छप्पर केव्हाच गेलेले. भिंतींतून झाडांची मुळे अजगरासारखी उतरलेली. राज्य पुरातत्त्व खात्याने हिला संरक्षित स्मारक ठरवले आहे. पण सरकारी कागदावरचे संरक्षण आणि पावसापासूनचे संरक्षण यांत किती अंतर असते, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

आमच्यात सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांचे सारे आयुष्य चिरेखाणीवर गेले. नवरा चिरे काढायचा, त्या डोक्यावरून वाहायच्या. गिलावा पडून चिरा उघडा झाला होता, अशा एका जागी त्या थांबल्या. भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ह्यो हातानं तासलेला चिरा हाय. मशिनीचा न्हाय. ह्ये बघ, तासल्याचं वळ अजून दिसतंत."

मुले गोळा झाली. खरेच, चिऱ्यावर तिरप्या रेघा होत्या. आजी म्हणाल्या, "आमच्या मानसांनी काडलेला असंल."

त्यांच्या या वाक्याला पुरावा नाही. कोणत्या माणसांनी हे चिरे काढले, हे कुठल्या फलकावर लिहिलेले नाही. पण एवढे मात्र खरे, की हे चिरे हॉलंडहून जहाजात भरून आले नाहीत. ते याच मातीतले आहेत आणि याच मातीतल्या हातांनी ते काढले, तासले, वाहिले. इमारतीला नाव मात्र डचांचे मिळाले. ताजमहाल शहाजहानचा, किल्ला राजाचा, वखार डचांची. घडवणाऱ्याचे नाव चिऱ्यावरच्या रेघेइतकेच उरते.

वखारीतून गेलेली पत्रे

डचांची एक खोड फार मोठी होती. ते लिहीत. आज किती पोती आली, काय भाव होता, कोणते जहाज आले, कोणत्या राजाने कोणता किल्ला घेतला, हे सगळे लिहून वेंगुर्ल्याहून बटाव्हियाला आणि तिथून हॉलंडला पाठवीत. या वखारीची भरभराट आणि छत्रपती शिवाजी महाराजांचा उदय हा एकच काळ. १६६० नंतरच्या काही वर्षांत कुडाळ-वेंगुर्ल्याचा मुलूख महाराजांच्या टापूत आला. वखारीतले डच कारकून महाराजांच्या हालचालींवर डोळा ठेवून होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३० च्या दशकात महाराजांचे चरित्र लिहिताना ही डच कागदपत्रे आवर्जून वापरली.

यातले एक पत्र आपण सर्वांनी माहीत करून घ्यावे असे आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वेंगुर्ल्याच्या वखारीचा प्रमुख अब्राहम ल फेबर याने बटाव्हियाला त्याची हकिकत कळवली. महाराजांची सोन्याने तुला झाली, ब्राह्मणांना मोठे दान दिले गेले, हे त्याने लिहिलेच. पण त्याबरोबर त्याने असेही लिहिले, की भोसले ही आपली जात सोडून क्षत्रिय जात स्वीकारल्याशिवाय महाराजांना मुकुट धारण करता येत नव्हता.

विचार करा. ज्याने स्वतःच्या तलवारीवर राज्य उभे केले, आरमार बांधले, किल्ले वसवले, त्या राजालाही सिंहासनावर बसण्याआधी जातीचा दाखला द्यावा लागला! ही गोष्ट कोण्या भारतीय पक्षाच्या माणसाने नव्हे, तर दूर वेंगुर्ल्यात तांदळाचा हिशेब लिहिणाऱ्या एका परक्या व्यापाऱ्याने नोंदवून ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात राज्याभिषेकाच्या याच वादाची सविस्तर चर्चा केली आहे. ज्यांना मुळातून वाचायचे असेल त्यांनी तो ग्रंथ वाचावा.

गुलामांचा व्यापार आणि महाराजांचे फर्मान

इथवर डचांचे कौतुक केल्यासारखे झाले. आता त्यांच्या वहीची दुसरी बाजू.

बांदा हे आपल्या सावंतवाडी तालुक्यातले गाव सर्वांना ठाऊक आहे. पण इंडोनेशियातही बांदा नावाची बेटे आहेत. त्या काळी जगाला जायफळ मिळे ते तिथूनच. जायफळ आपल्यालाच विकले पाहिजे, असा डचांचा हट्ट. बेटावरच्या लोकांनी तो मानला नाही. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर यान पीटरझोन कून आरमार घेऊन तिथे उतरला. बेटांवर सुमारे पंधरा हजार लोक होते, असा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले, पळून गेले किंवा गुलाम झाले. मग जायफळाच्या बागा राखायला डचांनी दुसरीकडून गुलाम आणले.

हे गुलाम कुठून आणत? आशियाच्या आणि आफ्रिकेच्या अनेक किनाऱ्यांवरून, आणि आपल्या हिंदुस्थानातूनही. बंगालमधून, मलबारमधून, तामिळ किनाऱ्यावरून. दुष्काळ पडला, लढाई झाली, की माणसे स्वस्त होत. जहाजात भरून त्यांना बटाव्हियाला, श्रीलंकेला, आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरच्या केपटाउनला नेत. तिथे त्यांची मूळ नावे पुसली जात. 'बंगालची कॅथरीना', 'मलबारचा अमुक' अशी नावे त्यांना मिळत. काहींना तर महिन्यांची नावे दिली जात : 'सप्टेंबर', 'फेब्रुवारी'.

हे वाचून मला माझ्या पणजोबांचे नाव आठवले. ते मी इथे लिहीत नाही. जुन्या वाचकांना आपापल्या घरातली अशी नावे माहीत आहेत : कचऱ्या, दगड्या, धोंड्या. शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असे मनुस्मृतीत लिहून ठेवले होते. तो ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला, तेव्हा त्या ज्वाळेत अशी किती नावे मोकळी झाली असतील! माणसाला गुलाम करायचे तर आधी त्याचे नाव काढून घ्यायचे, ही युक्ती डचांना आणि मनूला दोघांनाही ठाऊक होती.

याच ठिकाणी महाराजांची एक आज्ञा फार मोलाची ठरते. दक्षिणेच्या मोहिमेत, १६७७ मध्ये, त्यांनी तामिळ प्रदेशातल्या डचांना व्यापाराचा कौल दिला. त्यात त्यांनी साफ बजावले : पूर्वीच्या राजवटीत तुम्हाला इथे स्त्री-पुरुष गुलाम विकत घेण्याची आणि बाहेर नेण्याची मुभा होती. मी या मुलुखाचा धनी असेपर्यंत ते चालणार नाही. तुम्ही तसे करू पाहाल, तर माझी माणसे तुम्हाला अडवतील.

जातीच्या दाखल्याशिवाय ज्याला मुकुट मिळत नव्हता, त्याच राजाने तीन वर्षांनी परक्या व्यापाऱ्याला सांगितले, की माणूस हा विकायचा माल नाही. महाराजांच्या लढायांचे पोवाडे आपण ऐकतो. या कौलाचा पोवाडा कोणी गायला पाहिजे. आणि पुन्हा तीच मौज पाहा : हा कौल आपल्याला कळला तो डचांच्या दप्तरातून. आपल्या धंद्याला मनाई करणारा कागददेखील त्यांनी जपून ठेवला!

डच जहाजातून आलेला संघ

आता एक वेगळी नोंद, जी आपल्या धम्माशी जोडलेली आहे. अठराव्या शतकात श्रीलंकेत भिक्खू संघाची परंपरा खंडित झाली होती. उपसंपदा देण्यासाठी पुरेसे भिक्खूच उरले नव्हते. कँडीचा राजा कीर्ती श्री राजसिंह याने सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, दूत पाठवले. समुद्र डचांच्या ताब्यात होता. जहाज डचांनीच दिले. १७५३ मध्ये उपाली थेर आणि त्यांच्यासोबतचे भिक्खू श्रीलंकेत उतरले आणि संघाची पुन्हा स्थापना झाली. म्हणून श्रीलंकेतल्या या परंपरेला आजही 'सयाम निकाय' म्हणतात. तिची मुख्य पीठे कँडीलाच आहेत.

डचांना बुद्धाविषयी प्रेम होते म्हणून त्यांनी हे केले का? मुळीच नाही. दालचिनीची झाडे कँडीच्या राजाच्या जंगलात होती. त्याला खूश ठेवणे हा व्यापाराचा हिशेब होता. पण हिशेबासाठी सोडलेल्या जहाजातूनही धम्म पार गेला. १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब श्रीलंकेला गेले, कँडीला गेले, तेव्हा ज्या भिक्खू संघाचे त्यांना दर्शन झाले, त्याच्या पुनरुज्जीवनात त्या एका डच जहाजाचा असा वाटा होता.

वखार ओस पडली, कागद राहिले

वेंगुर्ल्याचे पुढे काय झाले? सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगल-मराठ्यांच्या लढायांत हा किनारा पुन्हा पुन्हा भाजून निघाला. गोव्याच्या कोंडीची गरज संपली होती. कोचीन हाती आल्यावर डचांना वेंगुर्ल्याचे महत्त्व उरले नाही. त्यांनी गाशा गुंडाळला. पुढे सावंतवाडीकरांची सत्ता राहिली आणि १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. या वखारीत मग सरकारी कचेऱ्या भरल्या. जिथे डच कारकून बसत, तिथे मामलेदाराचे कारकून बसू लागले. स्वतः डच कंपनीही १७९९ च्या अखेरीस बंद पडली. मुंबईला गिरणीत, गोदीत जाणाऱ्या कोकणी माणसाने पुढे कितीतरी वर्षे वेंगुर्ल्याच्या बंदरातूनच आगबोट धरली. आज तेच वेंगुर्ले कलमी काजूसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती कोकणभर लागल्या आहेत.

भिंती पडल्या, पण कंपनीचे कागद राहिले. नेदरलँड्स, इंडोनेशिया, श्रीलंका, दक्षिण आफ्रिका आणि आपले चेन्नई अशा ठिकाणी ते जपून ठेवले आहेत. त्यांची पाने सुमारे अडीच कोटी भरतील, असे सांगतात. २००३ मध्ये युनेस्कोने त्यांना जगाचा ठेवा म्हणून मान्यता दिली.

आणि त्याच कागदांनी शेवटी कंपनीच्या वारसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. सुरीनाम या त्यांच्या वसाहतीत १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली ती मालकांना, दर गुलामामागे तीनशे गिल्डर. गुलामांना काही नाही. उलट आणखी दहा वर्षे सक्तीचे काम! पण नोंदी होत्या. नावे होती, किमती होत्या, जहाजे होती. गुलामांच्या नातवंडा-पणतवंडांनी त्या नोंदी काढल्या आणि प्रश्न विचारले. हूर्न हे कंपनीच्या सहा शहरांपैकी एक. तिथे यान पीटरझोन कूनचा पुतळा आहे. नागरिकांनी आवाज उठवल्यावर २०१२ मध्ये त्या पुतळ्याखाली बांदाच्या कत्तलीची हकिकत सांगणारा नवा फलक लागला. केपटाउनमध्ये कंपनीचे गुलाम जिथे कोंडत, ती इमारत आता संग्रहालय आहे आणि तिथे गुलामांची नावे वाचायला मिळतात.

१९ डिसेंबर २०२२ रोजी नेदरलँड्सचे तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी गुलामगिरीतल्या राज्यसत्तेच्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली. कुठे, माहीत आहे? हेग शहरातल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात, जिथे कंपनीचे ते कागद ठेवलेले आहेत! पुढच्या १ जुलैला, २०२३ मध्ये, तिथल्या राजानेही माफी मागितली.

माफीने गेलेले जीव परत येत नाहीत. पण 'असे झाले' हे कबूल करणे ही न्यायाची पहिली पायरी असते. आपल्या देशात विहिरीवरून हाकलल्याबद्दल, गावकुसाबाहेर ठेवल्याबद्दल, हजारो वर्षांच्या त्या हिशेबाबद्दल कोणी कोणाची माफी मागितली? हा प्रश्न मी वखारीच्या पायरीवर बसून स्वतःलाच विचारला.

आपली वही कुठे आहे?

परतीच्या वाटेवर त्याच सातवीतल्या मुलाने विचारले, "काका, मग आपल्या लोकांची नावं कुठं लिहिलीत?"

मी गप्प झालो. मोलकरीण नील्टखेनचे नाव वहीत आहे. 'बंगालच्या कॅथरीना'चे नाव वहीत आहे, अपमानाचे का होईना. पण वेंगुर्ल्याचा चिरा तासणाऱ्याचे नाव नाही. आमच्या आजींच्या नवऱ्याने तीस वर्षे चिरे काढले. त्याचे नाव मतदार यादीत आणि मृत्यूच्या दाखल्यात आले, तेवढेच. ते दाखलेही घरातल्या पत्र्याच्या पेटीत ओल लागून चिकटले आहेत.

मी कचेरीत कारकुनी करतो. रोज पाहतो, की ज्याच्याकडे कागद आहे त्याचे काम होते आणि ज्याच्याकडे नाही तो फेऱ्या मारतो. जातीचा दाखला काढताना कितीतरी वर्षांपूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा आपली माणसे घरभर धांडोळा घेतात. वतनाची सनद, पलटणीतून निवृत्त झालेल्या आजोबांचे पुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीचे तिकीट, जुने रेशनकार्ड, सातबारा. यांतला एखादा कागद कुणीतरी चुलीत घातलेला असतो, नाहीतर वाळवीने खाल्लेला असतो. कागद गेला की हक्क जातो आणि हक्काबरोबर आठवणही जाते.

म्हणून सहलीहून आल्यावर आमच्या मंडळाने एक साधे काम हाती घेतले. दर रविवारी वंदना झाल्यावर एका घरची पेटी उघडायची. कागद वाळवायचे, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, त्यांच्या नकला काढायच्या. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहायची, कारण फोटोतली माणसे ओळखणारे आता थोडेच उरले आहेत. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून मुलांनी दोनशे पानी वहीत लिहायचे : तुमचे वडील काय काम करीत? कुठे? मजुरी किती मिळे? घर कोणी बांधले? नवे नाव कोणी ठेवले?

पहिली वही आमच्या त्या आजींची झाली. मुलीने लिहिले, आजींनी सांगितले. पहिल्याच पानावर त्यांच्या नवऱ्याचे नाव, खाणीचे ठिकाण आणि एका चिऱ्याला किती पैसे मिळत ते आले आहे. आजींना लिहिता येत नाही. त्यांनी खाली अंगठा उठवला आणि म्हणाल्या, "आता गेलं तरी चालंल."

वाचक बंधू-भगिनींनो, वेंगुर्ल्याला जाल तेव्हा समुद्र पाहा, काजू घ्या. पण मुलांना घेऊन त्या वखारीपाशीही घटकाभर थांबा. चिऱ्यावरच्या रेघा त्यांना दाखवा. आणि घरी आल्यावर तुमची पेटी उघडा. भिंती पावसात पडतील. पण ज्याची वही आहे, त्याला कोणी 'तू नव्हतासच' असे म्हणू शकणार नाही.